नाव घेतल्याने जखम चिघळत नाही

काकूंचे वय चौऱ्याहत्तर. रक्तदाबाची गोळी नियमित, मधुमेह नाही, गुडघ्यांची कुरकुर वयाला साजेशी. दर दोन महिन्यांनी काकांबरोबर त्या दवाखान्यात येतात, रक्तदाब मोजून घेतात, महिन्याभराची औषधे लिहून घेतात आणि जाताना माझ्या जेवणाची चौकशी करून जातात. काही वर्षांपूर्वी एका ऑगस्टमध्ये त्या झोप येत नाही, छातीवर दडपण वाटते, डोके दुखते अशा तक्रारी घेऊन आल्या. रक्तदाब १७०/१०० होता. मी हृदयाचा आलेख काढला, तो ठीक होता. गोळीची मात्रा वाढवली, झोपेसाठी थोड्या दिवसांची एक गोळी दिली. दिवाळीपर्यंत सारे पूर्ववत झाले. पुढच्या वर्षीही हेच घडले आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. चौथ्या वर्षी केसपेपर चाळताना तारखा डोळ्यांत भरल्या. चारही वेळा ऑगस्टचा पहिला पंधरवडा होता.

“काकू, ऑगस्टमध्ये काय असतं?” मी विचारले. त्या काही बोलल्या नाहीत. काका चष्मा काढून पुसू लागले. काकू रक्त तपासणीसाठी आतल्या खोलीत गेल्यावर त्यांच्या मुलीने हळू आवाजात सांगितले, “माझा मोठा भाऊ सैन्यदलाच्या विमानात होता. सरावाच्या उड्डाणात गेला. बावीस वर्षं झाली. आईसमोर आम्ही त्याचं नाव काढत नाही.”

चार वर्षे मी रक्तदाब मोजत होते आणि गोळ्या बदलत होते. तारीख माझ्याच अक्षरात समोर होती, पण ती वाचण्याची बुद्धी मला झाली नाही, हे आधी कबूल करते. पुढच्या भेटीला मी काकूंना शेवटची वेळ दिली, म्हणजे मागे रांग नसेल, आणि एकच प्रश्न विचारला : “त्याचं नाव काय, काकू?”

त्यांनी आधी हुद्दा सांगितला, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव. जणू कोणी हजेरी घेत होते. त्यानंतर त्या पाऊण तास बोलल्या. त्याला वरणभातावर लिंबू लागत नसे. सुट्टीवर आला की तो आपले पायमोजे एका विशिष्ट पद्धतीने गुंडाळून ठेवी, आणि काकू आजही घरातले सगळे पायमोजे तसेच गुंडाळतात. घरात कोणाला ते कळलेले नाही. मग त्या म्हणाल्या, “लोक विचारतात, युद्धात गेला का? मी म्हणते, नाही, सरावात. मग ते ‘अरेरे’ म्हणतात आणि विषय बदलतात. युद्धात गेला असता तर निदान बोलता तरी आलं असतं, नाही का?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ त्या दिवशी नव्हते. आजचा लेख त्या उत्तरासाठी आहे. काकूंच्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पुढे ज्या अपघातांविषयी लिहिले आहे, त्यांच्याशी त्यांच्या मुलाचा संबंध नाही. पण त्या घरांतील आईवडिलांचे दुःख काकूंच्या दुःखाहून वेगळे नसावे.

गोव्याच्या समुद्रावरील एक रात्र

२४ मार्च २०१५. रात्री दहाच्या सुमारास भारतीय नौदलाचे एक डॉर्नियर विमान गोव्याच्या नैऋत्येस, किनाऱ्यापासून सुमारे २५ सागरी मैलांवर समुद्रात कोसळले. हे दोन पंख्यांचे छोटे टेहळणी विमान असते. आपल्या किनाऱ्यावर पहारा देण्याचे काम या जातीची विमाने वर्षानुवर्षे करीत आली आहेत. त्या रात्रीचे उड्डाण सरावाचे होते. विमानात तिघे होते. विमानाचे प्रमुख असलेले कमांडर पाण्यात जिवंत सापडले. त्यांना मच्छीमारांनी आपल्या होडीत घेतले. उरलेले दोघे, सहवैमानिक लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि निरीक्षक अधिकारी लेफ्टनंट किरण शेखावत, परत आले नाहीत.

लेफ्टनंट शेखावत सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यापूर्वी दोनच महिने आधी, २६ जानेवारीला, दिल्लीच्या राजपथावर नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांची संपूर्ण तुकडी प्रथमच संचलनात उतरली होती. त्या तुकडीत त्या चालल्या होत्या. अपघातानंतर दोन दिवसांनी समुद्रतळाशी विमानाचे अवशेष सापडले, आणि त्यात त्या सापडल्या. कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या नौदलातील पहिल्या महिला अधिकारी म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते. लेफ्टनंट नागोरींचा शोध त्यानंतर पूर्ण झाला.

याच किनाऱ्याने अशा आणखीही वेळा पाहिल्या आहेत. १ ऑक्टोबर २००२ रोजी दाबोळी येथे नौदलाची दोन मोठी आयएल-३८ विमाने त्यांच्या स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवानिमित्त एकत्र उड्डाण करताना एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतील बाराही जण गेले, जमिनीवरही जीवितहानी झाली. २६ नोव्हेंबर २०२० रोजी आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावरून निघालेले मिग-२९ के जातीचे प्रशिक्षण विमान अरबी समुद्रात पडले. एक वैमानिक वाचला. दुसरे, कमांडर निशांत सिंह, अकरा दिवसांनी ७ डिसेंबरला, गोव्यापासून सुमारे ३० मैलांवर, ७० मीटर खोल पाण्यात सापडले. वर्तमानपत्रात तो एका ओळीचा मजकूर असतो. ज्या घरात फोन वाजण्याची वाट पाहिली जाते, तिथे त्या अकरा दिवसांतील प्रत्येक दिवसाला रात्र जोडलेली असते.

सराव म्हणजे काय

काकूंना भेटलेल्या लोकांच्या मनात ‘सराव’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘खरे काम नव्हे’ असा असावा. एक डॉक्टर म्हणून या गैरसमजाविषयी मला काही सांगता येईल, कारण त्याचे मूळ आपल्या कानात आहे.

आतील कानात, एकमेकींशी काटकोनात बसवल्यासारख्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका फिरते, आतला द्रव किंचित मागे रेंगाळतो, आणि त्यामुळे वाकणाऱ्या सूक्ष्म केसांवरून मेंदूला वळल्याचा संदेश जातो. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी ही रचना उत्तम आहे. पण विमान एकाच वेगाने सावकाश वळत राहिले, तर साधारण दहा-वीस सेकंदांत तो द्रव नलिकेच्या गतीला गाठतो, केस सरळ होतात आणि मेंदूला वाटते की आपण वळतच नाही, सरळ जात आहोत. त्यानंतर वैमानिकाने विमान खरोखर सरळ केले, तर आपण उलट बाजूला कलत आहोत असा भास होतो. दिवसा क्षितिज दिसते, म्हणून डोळे ही फसवणूक दुरुस्त करतात. रात्री, समुद्रावर, चंद्र नसताना वरचे आकाश आणि खालचे पाणी एकाच काळोखाचे असते. होडीवरचा दिवाही तारा वाटू शकतो.

अशा वेळी वैमानिकाने स्वतःच्या शरीरावरचा विश्वास काढून घेऊन समोरच्या उपकरणांवर ठेवायचा असतो. आपले सर्व इंद्रियज्ञान ‘डावीकडे’ म्हणत असताना काट्याचे ‘सरळ’ मानायचे, हे वाचून येत नाही. ते पुन्हा पुन्हा, काळोखात, खऱ्या आकाशात करूनच अंगवळणी पडते. त्यासाठीच रात्रीचा सराव असतो. वादळात अडकलेल्या होड्यांचा शोध घ्यायला किंवा किनाऱ्यावर पाळत ठेवायला जे विमान रात्री निघते, ते अशा असंख्य सरावांच्या बळावर निघते. वर सांगितलेले अपघात याच कारणाने झाले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात, ती तपासण्याचे काम तज्ज्ञांचे आहे. मला एवढेच सांगायचे आहे की सरावाच्या उड्डाणातील धोका खरा असतो, आणि तो पत्करणाऱ्याला तो ठाऊक असतो.

वाचकांपैकी ज्यांना रात्री लघवीसाठी उठताना अंधारात तोल गेल्यासारखे वाटते, त्यांनी या नलिकांचा अनुभव घेतलेलाच आहे. डोळ्यांना आधार मिळाला नाही की कान एकटा पडतो. म्हणून खोलीत मंद दिवा ठेवा, उठल्यावर क्षणभर पलंगाच्या कडेला बसा आणि मग उभे राहा. आपल्याला दिवा लावता येतो. समुद्रावरच्या त्या तिघांना ती सोय नव्हती.

दुःखावर पडणारी तीन कुलपे

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ च्या सुमारास एका विशिष्ट शोकाकडे लक्ष वेधले. समाज ज्या दुःखाला पूर्ण मान्यता देत नाही, ज्याच्यासाठी सांत्वनाला कोणी थांबत नाही, ते दुःख माणूस लपवून वागवतो आणि त्यामुळे ते अधिक काळ सलते. याला आपण ‘अमान्य शोक’ म्हणू या. सरावात गेलेल्यांच्या घरी हे दुःख तीन प्रकारे कुलूपबंद होते.

पहिले कुलूप काकूंनी सांगितलेच : “युद्धात गेला का?” मृत्यूची अशी प्रतवारी आपण नकळत करतो. आपल्या परंपरेने मात्र ती केलेली नाही. पितृपक्षातील चतुर्दशीला, घातचतुर्दशीला, शस्त्राने गेलेल्यांचे आणि अपघाताने गेलेल्यांचे श्राद्ध एकाच दिवशी होते. पंचांग दोघांना एकाच ओळीत बसवते. श्राद्ध करावे की न करावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, पण ही समज मला फार मोलाची वाटते.

दुसरे कुलूप ‘चूक कोणाची’ या प्रश्नाचे. विमान पडले की वैमानिकाची चूक होती का, ही चर्चा दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. जो उत्तर देऊ शकत नाही, त्याच्यावर ती होते. आईवडील ती वाचतात. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे रात्रीच्या उड्डाणात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ विमान कोसळले. त्यांच्या आई कविता गाडगीळ गप्प बसल्या नाहीत. मिग-२१ च्या अपघातांविषयी त्यांनी जाहीरपणे प्रश्न विचारले आणि मुलाच्या नावाने हवाई सुरक्षिततेसाठी संस्था उभी केली. पुढे त्यांनी आणि स्वतः वैमानिक असलेल्या अनिल गाडगीळ यांनी पुण्यात ‘जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट’ सुरू केली. तिथे तरुणांना जमिनीवरील अनुकारी यंत्रावर, म्हणजे सिम्युलेटरवर, उड्डाणाचे धडे मिळू लागले. संस्थेच्या नावातच मुलाचे नाव आहे. रोज दार उघडताना ते घ्यावे लागते. प्रत्येक घराला असे काही उभारता येणार नाही, तशी अपेक्षाही नको. पण नाव दडवण्याऐवजी ते दारावर लावले तर दुःखाला हाताशी काही काम मिळते, एवढे यातून दिसते.

तिसरे कुलूप सर्वांत जड : माणूस सापडतच नाही. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले वायुदलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. ते सरावाचे उड्डाण नव्हते, नेहमीच्या फेरीचे होते. पण न सापडणे म्हणजे काय, हे त्या कुटुंबांइतके कोणाला ठाऊक असेल? जानेवारी २०२४ मध्ये, साडेसात वर्षांनी, चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोलीवर स्वयंचलित पाणबुडी यंत्राने टिपलेल्या चित्रांत त्या विमानाचे अवशेष ओळखले गेले.

अशा प्रतीक्षेला अमेरिकेतील मानसोपचार अभ्यासक पॉलीन बॉस यांनी एक नाव दिले. मराठीत आपण त्याला ‘अनिश्चित वियोग’ म्हणू शकतो. त्यांच्या या कामाच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी अभ्यासलेली कुटुंबे व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांची होती. माणूस आहे की नाही हे ठरत नाही, म्हणून शोकही सुरू होत नाही आणि आशाही सोडवत नाही. बॉस यांचे सांगणे असे की अशा घरांना ‘आता सोडून द्या, पुढे चला’ म्हणू नये. दोन्ही वाक्ये एकत्र धरायला त्यांना मदत करावी : तो बहुधा नाही, आणि तो मनात आहे. आपल्याकडे देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिच्यावर अंत्यसंस्कार करण्याचा पालाशविधी आहे. समुद्रात गेलेल्यांसाठी नौदल पाण्यावर पुष्पचक्र सोडते. दोन्हींमागची जाण एकच आहे. मागे राहिलेल्या माणसाला हातांनी काहीतरी करता आले पाहिजे.

घरातील मंडळींनी काय करावे

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या मुलांना, सुनांना, जावयांना आणि सोबतीच्या सेविकांना मला काही गोष्टी सांगायच्या आहेत. अपत्य विमान अपघातात गेले असो, रस्त्यावर गेले असो वा आजाराने, त्या सारख्याच लागू पडतात.

पहिली गोष्ट तारखेची. स्मृतिदिनाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत झोप मोडणे, भूक मंदावणे, चिडचिड, डोकेदुखी, रक्तदाब चढणे आणि औषधे घ्यायला विसरणे, असा क्रम अनेकांत दिसतो. तारीख उघडपणे लक्षात नसली तरी पाऊस, सणवार, शाळा सुरू होण्याचे दिवस यांतून ती जाणवते. घरातील कॅलेंडरवर ती खूण करून ठेवा. वाढदिवसाचीही करा. त्या पंधरवड्यात रक्तदाब दोन-तीनदा जास्त मोजा, औषधे हाताने द्या आणि तुमच्या डॉक्टरांना त्या तारखेची कल्पना द्या. आम्ही विचारायला विसरतो. तुम्ही सांगा.

दुसरी गोष्ट छातीची. दुःखामुळे छाती भरून येते हे खरे, पण वयस्कर माणसाच्या छातीत दुखणे, दम लागणे, घाम येणे याला ‘आठवणीने होत असेल’ म्हणून घरी थांबू नका. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी एका विकाराचे वर्णन केले. तीव्र मानसिक आघाताने हृदयाचा एक भाग तात्पुरता फुगतो आणि त्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा दिसतो. त्या मडक्यावरून त्याला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखी असतात. घरी बसून दोन्हींत फरक करता येत नाही. म्हणून आधी रुग्णालय, आलेख आणि रक्ततपासणी. आठवणींविषयी नंतर बोलता येईल.

तिसरी गोष्ट झोपेच्या गोळीची. शोकातल्या रात्री लांब असतात आणि शेजारणीची गोळी जवळ असते. या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते, स्मृतीवर पडदा येतो आणि सवय लागते. डॉक्टरांनी दिली तर तितक्याच दिवसांपुरती घ्यावी. काकूंना मी दिलेली गोळी आज मी त्या सहजतेने दिली नसती.

चौथी गोष्ट स्मृतिभ्रंशाची. विस्मरणाचा आजार झालेली आई ‘तो कधी येणार?’ असे विचारते, तेव्हा घरातील लोक गोंधळतात. ‘अगं, तो तर गेला’ असे दर वेळी सांगितले, तर तिच्यासाठी तो मृत्यू दर वेळी नव्याने घडतो. खोटी तारीखही देऊ नये, कारण ती दारात बसून राहील. ‘त्याची आठवण येते ना? लहानपणी कसा होता तो?’ असे विचारावे. तिला हवी असते ती बहुधा माहिती नव्हे, सोबत.

पाचवी गोष्ट मागे राहिलेल्या भावंडांची. काकूंची मुलगी बावीस वर्षे आईला जपत होती. तिचा भाऊ गेला होता, हे तिला कोणी विचारले नव्हते. काळजी घेणाऱ्यानेही महिन्यातून एक संध्याकाळ स्वतःसाठी ठेवावी आणि निदान एका माणसाजवळ मोकळे व्हावे.

आणि तज्ज्ञांची मदत कधी घ्यावी? शोक हा आजार नाही, त्याला मुदतही नाही. पण काही जणांत तो आजाराचे रूप घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘प्रदीर्घ शोकविकार’ स्वतंत्रपणे नोंदला आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, त्या समाजाच्या रीतीला साजेल त्याहून पुष्कळ अधिक, माणूस त्याच ओढीत अडकून राहतो, स्वतःला दोष देत राहतो, खाणेपिणे आणि माणसांत मिसळणे सुटते, जगण्यात अर्थ वाटेनासा होतो, अशी त्याची खूण आहे. यासाठी समुपदेशनाचा उपयोग होतो. जीव नकोसा झाल्याचे शब्द कोणी काढले, तर ते म्हातारपणाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनाशुल्क, मराठीतही बोलता येते.

आणि आपण, बाकीच्यांनी

आपल्या सोसायटीत, वाड्यात, गावात असे एखादे घर असते. त्या घरच्यांशी काय बोलावे हे न सुचल्यामुळे आपण त्यांना टाळतो. नाव काढले तर जखम चिघळेल अशी आपली समजूत असते. माझा अनुभव याच्या उलट आहे. ज्या आईने मुलगा गमावला आहे, तिला तुम्ही नवे दुःख देऊ शकत नाही. ते तिच्याजवळ आहेच. तिला भीती असते ती एवढीच की आपल्यामागे त्याचे नाव घेणारे कोणी उरणार नाही.

म्हणून ‘तुमचा गेलेला मुलगा’ असे म्हणू नका, नावाने म्हणा. ‘देवाची इच्छा’, ‘तरुण होता बिचारा’, ‘निदान देशासाठी गेला’ ही वाक्ये बाजूला ठेवा. त्यांनी बोलणे संपते. ‘त्याच्याविषयी सांगा ना’ म्हटले की बोलणे सुरू होते. त्या दिवशी फोन करा, नाहीतर नुसते जाऊन बसा. डोळ्यांत पाणी आले, तर घाईने विषय बदलू नका. थोडे थांबा.

काकूंच्या घरी आता त्याचा फोटो कपाटातून बाहेरच्या खोलीत आला आहे. गेल्या ऑगस्टमध्ये त्या दिवशी मुलीने वरणभात केला आणि पानात लिंबू वाढले नाही. काका त्या रात्री पहिल्यांदा त्याच्या बालपणीचे बोलले. हे सारे काकूंनीच मला सांगितले, रक्तदाब मोजून घेत असताना. तो १५० होता. गोळी बंद झालेली नाही, होणारही नाही. फक्त या वेळी ती वाढवावी लागली नाही आणि झोपेची गोळी त्यांनी मागितली नाही.

निघताना त्या म्हणाल्या, “तुमच्या त्या कागदावर त्याचं नाव लिहून ठेवाल का? म्हणजे पुढच्या वर्षी तुमच्या लक्षात राहील.”

मी लिहून ठेवले आहे. केसपेपरवर सर्वांत वर, रक्तगटाच्या शेजारी, हुद्द्यासह.

काकूंनी मला जे विचारले होते, त्याचे उत्तर आता मी देऊ शकते. नाही, काकू, बोलता यायलाच हवे होते. तो कामावर होता. आम्हालाच बोलता आले नाही.